मधल्या वर्षांचा हिशेब : मराठी कादंबरीतील कुमारवय

१

मराठीत खऱ्या अर्थाने घडणीची कादंबरी निर्माण झाली नाही, अशी तक्रार मराठी कादंबरीच्या चर्चेत अधूनमधून ऐकू येते. ग्योथेच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासून (१७९५-९६) युरोपीय कादंबरीत एक दीर्घ परंपरा दिसते. तरुण नायक घर सोडतो, जगाच्या शाळेत चुका करतो, प्रेमात आणि व्यवसायात ठेचकाळतो आणि शेवटी समाजात आपली जागा घेऊन स्थिरावतो. कार्ल मॉर्गेनश्टेर्नने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रकाराला 'बिल्डुंग्सरोमान' हे नाव दिले, पुढे डिल्टायच्या लेखनामुळे ते रूढ झाले. या मापाने पाहिले तर मराठीतील कुमार नायक अपुरे वाटतात. काही परत फिरतात, काही अर्ध्यावर थांबतात, काहींची गोष्ट घडण पूर्ण होण्याच्या आधीच संपते. यावरून मराठी कादंबरीकाराला व्यक्तीच्या विकासाचे भान नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष घाईचा आहे. घडणीच्या कादंबरीला एक पूर्वअट असते, ती म्हणजे बालपण संपल्यावर आणि प्रौढपणाची जबाबदारी अंगावर पडण्यापूर्वी काही मोकळी वर्षे मिळणे. ही मधली वर्षे निसर्ग देत नाही, समाजव्यवस्था देते. शरीर सर्वांचेच वाढते, परंतु वाढत असताना थांबून पाहण्याची, चुकण्याची आणि चूक दुरुस्त करण्याची सवड सर्वांना मिळत नाही. फ्रांको मोरेत्तीने १९८७ मध्ये युरोपीय घडणीच्या कादंबरीचा विचार करताना तारुण्य हे आधुनिकतेचे प्रतीकरूप मानले. आपल्याकडे हा प्रश्न आणखी एक पायरी मागे नेऊन विचारावा लागतो : मराठी समाजात ही मधली वर्षे कोणाला, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने मिळाली?

भाषेची साक्ष येथे उद्बोधक आहे. आज मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत जिला 'पौगंडावस्था' म्हणतात, तिचे नाव संस्कृतातून आले, पण अर्थ बदलून. जुन्या वयोगणनेत पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि पुढे कैशोर अशी विभागणी आढळते. म्हणजे ज्या वयासाठी हा शब्द आता वापरला जातो, त्या वयाचा तो मूळचा नव्हे. नवी संकल्पना आली तेव्हा तिच्यासाठी जुना शब्द पुढे सरकवावा लागला. बोलीतील वाक्प्रचार याहून बोलके आहेत. मुलगी 'न्हाती होते', 'शहाणी होते', तिला 'पदर येतो'. मुलाला 'मिसरूड फुटते', तो 'हाताशी येतो', 'कर्ता होतो'. मुलीचे वय शरीराने आणि त्यामुळे लग्नाने मोजले जाते, मुलाचे वय कामाने. दोघांना सामावून घेईल असा, या वयाकडे केवळ वाढीचा काळ म्हणून पाहणारा शब्द बोलीने घडवला नाही, कारण तशी गरजच पडली नव्हती.

ही गरज निर्माण केली ती इंग्रजी राजवटीतील शाळेने आणि परीक्षेने. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. तेव्हापासून पांढरपेशा मुलाच्या आयुष्यात एक नवा उंबरठा आला. तो ओलांडेपर्यंत मुलगा ना लहान, ना कर्ता. याच दरीत मराठी कादंबरीतील कुमार जन्मला. परंतु त्याच्या जन्माची पहिली नोंद केली ती या दरीत पायही ठेवू न शकलेल्या एका मुलीने.

२

हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने पूर्ण झाली. तिच्या प्रसिद्धीचा काळ लक्षणीय आहे. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा मंजूर झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले. दहा की बारा या दोन वर्षांसाठी महाराष्ट्रातील वृत्तपत्रे आणि सभा पेटल्या होत्या. त्याच सुमारास यमूची कथा आठवड्या-आठवड्याने वाचकांच्या घरात येत होती. म्हणजे मुलीच्या आयुष्यात बालपण आणि पत्नीपण यांच्यामध्ये काही अंतर असावे काय, हा जो वाद सार्वजनिक जीवनात चालला होता, तोच या कादंबरीचा अंतर्गत विषय होता.

यमूच्या वाढीचे वैशिष्ट्य असे, की तिला मधली वर्षे नाहीत. खेळण्याच्या वयात ती सून होते आणि वाढण्याचे काम तिला सासरच्या धाकात, लपूनछपून करावे लागते. नवरा रघुनाथराव तिला शिकवतो. मुंबईच्या वास्तव्यात वाचन, बोलणे, समवयस्क विचारांच्या स्त्रीपुरुषांचा सहवास यांतून तिला अल्पकाळ जे मिळते, ते तिचे खरे कुमारवय होय. ते तिला लग्नानंतर मिळते आणि नवऱ्याच्या हयातीपुरतेच मिळते. वैधव्य येताच ते हिरावून घेतले जाते. तिच्यावर लादले गेलेले केशवपन म्हणजे वाढलेल्या माणसाला पुन्हा वस्तू करण्याचा विधी आहे. तिची मैत्रीण दुर्गी यमूच्या भाग्याचीही दुसरी बाजू दाखवते, कारण दुर्गीला रघुनाथरावासारखा नवरा मिळालेला नाही. मुलीची वाढ ही तिच्या स्वतःच्या शक्तीवर नव्हे, नवऱ्याच्या स्वभावावर अवलंबून आहे, हे या दोघींना शेजारी ठेवून आपट्यांनी सिद्ध केले.

ही गोष्ट काल्पनिक अतिशयोक्ती नव्हती. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात नवऱ्याच्या शिकवणीची आणि घरातील स्त्रियांच्या रोषाची जी हकिगत सांगितली आहे, ती यमूच्या कथेशी जागोजाग जुळते. आपट्यांनी मात्र एक विशेष गोष्ट केली. सगळी कथा यमूच्या आत्मनिवेदनात घातल्यामुळे तिची वाढ केवळ घटनांतून कळत नाही, ती तिच्या बोलण्यातून कळते. आरंभीच्या प्रकरणांतील भाबडे, भोवतालच्या माणसांना नीट न उमगणारे निवेदन पुढे समज, उपरोध आणि निवाडा यांनी भारलेले होते. मराठीत घडणीची कादंबरी प्रथम भाषेच्या पातळीवर घडली ती येथे. एका पुरुष लेखकाने स्त्रीचा आवाज घेऊन ती घडवली हे खरेच, पण या आवाजाला पुढे मराठी कादंबरीच्या मुख्य प्रवाहात वारस मिळाला नाही, ही बाब त्याहून महत्त्वाची आहे. तिच्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

३

यमूनंतरच्या चार दशकांत मराठी कथनातील वाढणारे मूल मुलगाच राहिले. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' काटेकोर अर्थाने कादंबरी नव्हे. एकेका रात्री सांगितलेल्या संस्कारकथांची ती माळ आहे. तरीही कुमारवयाविषयीची मराठी वाचकाची कल्पना तिने जितकी घडवली तितकी क्वचितच कोणत्या कादंबरीने घडवली असेल.

येथे वाढीचा अर्थ 'संस्कार' असा आहे. प्रत्येक प्रसंगात श्याम चुकतो, आई त्याला त्या चुकीचा अर्थ दाखवते आणि श्याम एक पायरी वर चढतो. युरोपीय घडणीच्या कादंबरीत नायक जगाकडून शिकतो, येथे तो आईकडून शिकतो आणि जग हे त्या शिकवणीच्या कसोटीचे ठिकाण आहे. यामुळे श्यामच्या व्यक्तिमत्त्वाला बंडाची बाजू जवळजवळ नाही, अशी टीका केली जाते आणि ती अनाठायी नाही. परंतु त्या टीकेत एक गोष्ट निसटते. श्याम शिकण्यासाठी घरापासून दूर जातो. घर दारिद्र्यात खचत असते आणि आईच्या अखेरच्या क्षणी श्याम तिच्याजवळ नसतो. सारी पुस्तकभर संस्कार देणारी आई ज्या मुलाच्या शिक्षणासाठी झिजली, त्या शिक्षणामुळेच मुलगा तिला शेवटी भेटू शकत नाही. 'श्यामची आई'तील करुण रस केवळ मातृभक्तीचा नाही. ज्याला वाढायला सवड मिळाली त्याच्या मनात सवड न मिळालेल्या माणसाविषयी राहिलेले ते ऋण आहे. श्याम मोठेपणी रात्रीमागून रात्र ही कथा सांगत बसतो, त्याचे कारणही हेच ऋण आहे.

स्वातंत्र्यानंतर श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'ने (१९५२) याच कोकणात वेगळा मुलगा उभा केला. बापूला मार्गदर्शन करणारी आई वा शाळा नाही. गाव हीच त्याची परीक्षा आहे. वाया गेलेले पोर असा शिक्का बसलेला हा मुलगा गावाच्या न्यायबुद्धीला आव्हान देत वाढतो आणि शेवटी गावालाच आपले मत बदलायला लावतो. समाजात जागा मिळवून संपणारी घडणीची कथा मराठीत शोधायची तर ती येथे सापडते. मात्र बापूची वाढ मुख्यतः सामर्थ्याची आहे, तिच्यात अंतर्मुखतेला फारसे स्थान नाही. अंतर्मुख कुमार मराठीत यायचा होता, आणि तो आला तो वाढण्याविषयीच शंका घेऊन.

४

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ने (१९६३) मराठी कादंबरीचे वळण बदलले हे आता वाङ्मयेतिहासाचा भाग झाले आहे. प्रस्तुत संदर्भात तिचे महत्त्व असे, की मधली वर्षे पूर्णपणे हाती आलेला पहिला ग्रामीण मराठी नायक तीत भेटतो. खानदेशातील सांगवी गावचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात कॉलेजात येतो. वडिलांचा पैसा आहे, वसतिगृह आहे, मित्र आहेत, वेळ आहे. माइस्टरला जे मिळाले ते सारे त्याला मिळाले आहे, पण त्यातून काही घडत नाही. वक्तृत्वमंडळे, मेस, परीक्षा, प्रेम, लेखन अशा आत्मविकासाच्या सर्व अधिकृत वाटांवरून तो चालून पाहतो आणि प्रत्येक वाट त्याच्या निवेदनात हास्यास्पद होऊन जाते. शेवटी तो गावी परततो. पंचविसाव्या वर्षी ही कथा सांगणाऱ्या या तरुणाच्या लेखी वर्षे जमा झाली आहेत, वाढ मात्र जमेस धरता येत नाही.

या कादंबरीची तुलना जे. डी. सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या कादंबरीशी वारंवार केली गेली. निवेदनाच्या ढंगात आणि प्रौढ जगाविषयीच्या तिटकाऱ्यात साम्य आहेच. पण दोन्ही कादंबऱ्यांतील धाकट्या बहिणीची तुलना केली की साम्याचा मुद्दा मागे पडून भेदाचा मुद्दा पुढे येतो. होल्डनचा भाऊ कथेच्या आधीच मेलेला आहे, परंतु बहीण फीबी जिवंत आहे. तीच त्याला पळून जाण्यापासून परतवते. पांडुरंगची धाकटी बहीण मनी मात्र देवीच्या आजाराने मरते. तो पुण्यात आत्मविकासाच्या खेळात असतो तेव्हा गावी हे घडते. मनीच्या मृत्यूनंतरची पाने ही 'कोसला'तील एकमेव जागा आहे जेथे उपहासाचे कवच फुटते. वडिलांवरचा, घरावरचा, एकूण व्यवस्थेवरचा पांडुरंगचा संताप तेथे उघडा पडतो. मुलगी म्हणून मनीच्या जिवाची किंमत घरात कमी होती काय, ही शंका त्या संतापात धुमसत असते.

म्हणून 'कोसला'तील वाढीचा नकार हा केवळ अस्तित्ववादी पोकळीचा आविष्कार मानणे अपुरे ठरते. ज्या व्यवस्थेने पांडुरंगला पुण्यात पाठवले आणि मनीला गावी ठेवले, तिच्या देणगीतून कर्तबगार होऊन दाखवणे त्याला अशक्य झाले आहे. त्याचे परतणे पराभवासारखे दिसते. त्यात वाट्याला आलेली सवलत निमूटपणे न पचवण्याची प्रामाणिकताही आहे. येथे भारतीय भाषांतील आणखी एका थोर कादंबरीची आठवण होते. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९२९) थोरली बहीण दुर्गा मरते आणि धाकटा अपू गाव सोडून पुढच्या जगाकडे निघतो. बंगाली कादंबरीत बहिणीचा मृत्यू भावाच्या प्रवासाच्या आरंभी येतो, तर मराठीत तो प्रवासाला निरर्थक करून टाकतो. दोन्हीकडे मुलाच्या वाढीच्या वाटेवर एक न वाढलेली मुलगी मागे राहिली आहे.

५

'कोसला'च्या नायकाने जी मधली वर्षे उधळून लावली, ती मिळवण्यासाठीच झुंजावे लागणाऱ्यांची कथा सत्तरच्या दशकानंतर मराठीत आली. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने आहेत, कादंबऱ्या नव्हेत. परंतु कुमारवयाचा इतिहास लिहिताना प्रकारभेदाची भिंत आडवी धरली तर इतिहासच अर्धा राहील. शाळा हे ठिकाण पांढरपेशा कादंबरीत गृहीत धरलेले असते. या लेखनात शाळेच्या दारात उभे राहणे हीच घटना आहे. शाळेत मूल स्वतःची जात प्रथम पूर्णपणे शिकते. त्यामुळे वाढणे म्हणजे जगात आपली जागा शोधणे, हा अर्थच उलटा होतो. जागा आधीच ठरवून दिलेली आहे आणि वाढणे म्हणजे ती नाकारणे.

याच दशकात आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) आली. तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आत्मचरित्रात्मक कादंबरी हे तिचे स्वतःचे नामाभिधान सार्थ आहे, कारण घडणीच्या कादंबरीचे सर्व घटक तीत आहेत, फक्त त्यांचा क्रम बदलला आहे. कागलच्या शेतकरी कुटुंबातील आनंदाला बाप शाळेतून काढून शेतावर जुंपतो. मुलगा 'हाताशी आला' या वाक्प्रचारामागील अर्थव्यवस्था येथे नागडी दिसते. शिकणारा पोर म्हणजे शेतावरचे दोन हात कमी, असा हा हिशेब आहे. आई आणि मुलगा मिळून गावातील वजनदार दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात, त्यांच्याकरवी बापावर दडपण आणतात. त्यानंतरही शाळेआधी आणि शाळेनंतर शेताचे काम करण्याच्या अटीवरच शाळा मिळते. वाढण्याची सवड अशी तासांच्या बोलीवर, करारासारखी, मिळवावी लागते.

या कराराच्या फटींतूनच अंतर्मुखता जन्मते, हे 'झोंबी'चे अपूर्व दर्शन आहे. कविता शिकवणारे सौंदलगेकर मास्तर आनंदाच्या मनात लयीचे बी टाकतात आणि पिकाला पाणी पाजताना, गुरे राखताना, एकटेपणातच ते रुजते. जे एकटेपण आधी नकोसे होते ते कवितेमुळे हवेसे होते. पांढरपेशा कादंबरीत कामातून सुटका झाल्यावर आत्मभान येते, येथे ते कामाच्या आतच येते. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे 'झोंबी' ही केवळ दारिद्र्याची कहाणी न राहता कुमारवयाविषयीचा एक स्वतंत्र विचार ठरते. पण येथेही हिशेबाची दुसरी बाजू आहेच. बापाच्या रोषाची झळ सोसून मुलासाठी शब्द टाकणारी आई स्वतः कष्टांतून सुटत नाही आणि घरातील इतर मुलांच्या वाट्याला आनंदाची संधी येत नाही. यादवांनी हे लपवलेले नाही. 'नांगरणी' (१९९०), 'घरभिंती' (१९९२) आणि 'काचवेल' (१९९७) या पुढील खंडांत पुढे गेलेल्या मुलाचे मागे राहिलेल्या घराशी चाललेले देणेघेणे सतत जाणवत राहते.

६

विसाव्या शतकाच्या अखेरीस कुमारवय हा मराठी कथनात प्रथमच स्वतंत्र, स्वयंपूर्ण विषय झाला. प्रकाश नारायण संत यांचा लंपन 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' या संग्रहांतून भेटतो. या कथा आहेत, परंतु एकाच मुलाभोवती गुंफलेल्या असल्यामुळे त्यांचा परिणाम कादंबरीसारखा होतो. आईवडिलांपासून दूर, कानडी मुलखाच्या सीमेवरील गावात आजी-आजोबांकडे राहणाऱ्या या मुलाचे जग त्याच्याच भाषेत, त्याच्याच अफाट संख्यांच्या मोजमापात सांगितले जाते. यमूपासून 'कोसला'पर्यंतच्या निवेदनांत सांगणाऱ्याचे वय आणि जगणाऱ्याचे वय यांत अंतर होते. संतांनी ते जवळपास मिटवले. लंपन आपल्या अनुभवाचा निवाडा करीत नाही. त्यामुळे कुमारवयाचा ताजेपणा मराठीत पूर्वी कधी नव्हता इतका हाती लागला. त्याबरोबर इतिहासाचा दाब मात्र हलका झाला.

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'ने (२००४) हा दाब पुन्हा आत आणला. नववीतल्या मुकुंद जोशीची ही कथा १९७५-७६ च्या आणीबाणीच्या वर्षात घडते. अकरावी मॅट्रिक जाऊन दहावीची नवी शालान्त परीक्षा नुकतीच आली होती. म्हणजे नववी हे बालपणाचे शेवटचे मोकळे वर्ष झाले होते. मुकुंद आणि त्याचे मित्र बांधकाम अपुरे राहिलेल्या एका इमारतीत जमतात. घर आणि शाळा या दोहोंच्या पहाऱ्याबाहेरची ही जागा मधल्या वर्षांचे चपखल रूप आहे. ती कोणाच्या मालकीची वाटत नाही, पण फार दिवस मोकळीही राहणार नाही. बाहेर देशातील बोलणे थांबवले गेले आहे आणि आत एक मुलगा एका मुलीशी बोलता कसे येईल या विवंचनेत आहे. या दोन मौनांचा संबंध बोकील कोठेही ठासून सांगत नाहीत, तो वाचकाला जाणवतो.

मुकुंदची शिरोडकरविषयीची ओढ हे या कादंबरीचे चैतन्य आहे. ती आडनावाने ओळखली जाते, दुरून पाहिली जाते, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा आणि वाटा पाठ केल्या जातात. पण तिच्या मनात काय चालते हे मुकुंदला कळत नाही आणि म्हणून वाचकालाही कळत नाही. निवेदन मुकुंदचे असल्यामुळे हे कलादृष्ट्या योग्यच आहे. कथेच्या शेवटी शिरोडकर तेथून निघून गेलेली असते. मुकुंदसमोर दहावीचे वर्ष उभे राहते. तो थोडा मोठा झालेला आहे आणि त्या मोठेपणाचे माप आहे तिची रिकामी जागा.

७

आता हे सारे शेवट एकत्र ठेवून पाहता येतील. श्याम परततो तेव्हा आई नसते. पांडुरंग परततो तेव्हा मनी नसते. मुकुंद पोचतो तेव्हा शिरोडकर गेलेली असते. आनंदा पुढे जातो आणि आई कष्टांतच राहते. एकेका कृतीत हे भावनिक परिणाम साधण्याचे तंत्र वाटू शकते. परंतु सात दशकांच्या, वेगवेगळ्या प्रदेशांतील, वेगवेगळ्या वाङ्मयीन श्रद्धांच्या लेखकांकडून तोच आकृतिबंध पुनःपुन्हा येतो, तेव्हा त्याचे मूळ तंत्रात नसून इतिहासात शोधावे लागते. महाराष्ट्रात मुलाला मधली वर्षे मिळाली ती एका मर्यादित साठ्यातून, आणि त्या साठ्यातील वाटा बहुधा आईचा, बहिणीचा, सोबतच्या मुलीचा कमी झाला. मराठी कादंबरीला हे ठाऊक आहे. म्हणूनच तिचा कुमार नायक समाजात समाधानाने स्थिरावू शकत नाही. त्याच्या घडणीचे अपुरेपण हा रचनेचा दोष नसून ते न फिटलेल्या हिशेबाचे चिन्ह आहे.

या प्रतिपादनाला एक आक्षेप घेता येईल. काळ बदलला, मुलींचे विवाहाचे किमान वय १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा आणि १९७८ च्या दुरुस्तीने अठरा झाले, मुली शाळा-महाविद्यालयांत आल्या. मग मुलीच्या कुमारवयाची कथा मराठीत यायला अडचण कोणती होती? कायद्याने वर्षे दिली हे खरे. परंतु दिलेली वर्षे कशासाठी आहेत याविषयीची समजूत तितक्या वेगाने बदलली नाही. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या कथांत शिकलेली, अविवाहित तरुणी आली आणि तिने खळबळ माजवली. पण तेथे मधली वर्षे मोकळी नसून लांबलेल्या प्रतीक्षेची आहेत. मुलाचे शिक्षण हे घडणे मानले गेले, मुलीचे शिक्षण हे थांबणे मानले गेले. पुढच्या काळातील महत्त्वाच्या स्त्रीकेंद्री कादंबऱ्यांनी बहुधा विवाहित वा विवाहाबाहेरील प्रौढ स्त्रीचे प्रश्न हाती घेतले. तेरा ते सोळा या वयातील मुलगी, स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या शरीराविषयी, शाळेविषयी, मैत्रीविषयी बोलणारी, यमूने जेथे सोडली तेथेच पुष्कळ काळ राहिली.

तिचा आवाज पूर्णपणे हरवला मात्र नाही, तो कादंबरीतून आत्मकथनात गेला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तील (१९३४-३७) विनोदाने सोसलेली वाढ, बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मधील जातीच्या आणि घरच्या अशा दुहेरी दडपणाखालचे बालपण, ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मधील (२००३) कोकणातल्या दलित मुलीची शाळेपर्यंतची आणि शाळेपुढची वाट, ही यमूची खरी वारसदार पाने आहेत. मराठीत घडणीची कादंबरी शोधताना समीक्षेने यांना दारातच ठेवले, कारण ती कादंबऱ्या नाहीत. वर्गीकरणाचा हा काटेकोरपणा वरवर निरुपद्रवी आहे. प्रत्यक्षात त्यामुळे मुलाची वाढ 'कलाकृती' ठरते आणि मुलीची वाढ 'दस्तऐवज' ठरते. ज्या विभागणीने पांडुरंगला पुण्यात आणि मनीला गावी ठेवले, तीच विभागणी वाङ्मयप्रकारांच्या नावाने समीक्षेत पुन्हा उभी राहते.

मराठी कुमारकथेचा इतिहास लिहायचा तर त्याचा आरंभ ग्योथेपासून करण्याचे कारण नाही. तो यमूपासून करावा लागेल आणि श्यामच्या आईच्या, मनीच्या, शिरोडकरच्या बाजूने तीच कथा पुन्हा वाचावी लागेल. मुलगे कसे मोठे झाले हे मराठी कादंबरीने सव्वाशे वर्षे मनापासून सांगितले आहे. त्या सांगण्यात मागे राहिलेल्यांची जी रिकामी जागा तिने प्रामाणिकपणे मोकळी ठेवली, ती आधी दृष्टीस पडली पाहिजे.